पॉप आर्टमधला काळ बघायचा तर आधी त्याची छपाई बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॉप आर्टमध्ये, म्हणजे १९५०-६० च्या दशकांत जाहिराती, वेष्टणं, कॉमिक अशा रोजच्या छापील गोष्टींना विषय करणाऱ्या चित्रकलेत, त्या काळातले सामाजिक बदल उमटले असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण अँडी वॉरहॉलच्या सुपाच्या डब्याच्या चित्रात समाज नेमका दिसतो कुठे? शिवाय ती चंगळवादावरची टीका होती की चंगळवादाचंच कौतुक? 'उपभोगवाद' एवढं लिहून उत्तर संपवायचं नाही, असंही तुम्ही म्हटलंय. बरं केलंत. तो शब्द लिहून झाला की बहुतेकांचं चित्र बघणंच संपतं.

मी स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई ओढून करायची छपाई, करतो आणि शिकवतो, त्यामुळे माझं बघणं कारागिराचं आहे. चित्रात काय दाखवलंय याच्या आधी ते कशाने केलं आणि ते तंत्र कुठल्या पोटापाण्याच्या धंद्यातून आलं, हे मी बघतो. १९५० नंतरच्या वीसेक वर्षांत अमेरिका-युरोपातलं घर बदललं ते रंगीत मासिकं, छापील वेष्टणं, होर्डिंगं आणि टीव्ही यांच्या वाटेने. १९५० साली अमेरिकेतल्या दहांतल्या एका घरातही धड टीव्ही नव्हता, १९६० पर्यंत तो दहांतल्या जवळजवळ नऊ घरांत पोहोचला. पॉप चित्रकारांनी या बदलाचं लांबून वर्णन केलं नाही, त्याची हत्यारंच उचलली. त्या हत्यारांपाशी शोधलंत तर समाज सापडेल.

सुरुवात मात्र न्यूयॉर्कमधून नको, लंडनमधून करा. १९५६ साली तिथल्या व्हाइटचॅपल आर्ट गॅलरीत 'धिस इज टुमॉरो' हे प्रदर्शन झालं. त्याच्या कॅटलॉग आणि पोस्टरसाठी रिचर्ड हॅमिल्टनने एक छोटं कोलाज केलं. अमेरिकी मासिकांतली चित्रं कापून एक दिवाणखाना तयार केलेला: पीळदार शरीराचा उघडा पुरुष, सोफ्यावर नग्न बाई, टीव्ही, टेपरेकॉर्डर, जिन्यावर व्हॅक्युम क्लीनर चालवणारी स्त्री, लँपच्या शेडवर फोर्ड कंपनीचं चिन्ह, भिंतीवर तसबिरीसारखं लावलेलं प्रेमकथेच्या कॉमिकचं मुखपृष्ठ. आणि टेबलावर हॅमचा डबा. या डब्यापाशी जरा थांबा. महायुद्ध १९४५ मध्ये संपलं, पण ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग उठायला जुलै १९५४ उजाडलं. म्हणजे हे चित्र बघणाऱ्या लंडनकराला रेशनकार्ड वापरणं सोडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याच्यासाठी हा दिवाणखाना स्वतःचा नव्हता, समुद्रापलीकडच्या मासिकातला होता. हॅमिल्टनचं चित्र सुबत्तेचं नाही, सुबत्तेच्या जाहिरातीकडे भुकेल्या डोळ्यांनी बघणाऱ्या देशाचं आहे. त्यात हसू आहे, हेवाही आहे.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९५७ मध्ये, हॅमिल्टनने स्मिथसन या वास्तुरचनाकार दांपत्याला पत्र लिहून 'पॉप' कशाला म्हणायचं याची यादी दिली. लोकप्रिय, क्षणभंगुर, फेकून देण्याजोगी, स्वस्त, घाऊक उत्पादनाची, तरुण, चतुर, मादक, झगमगीत, आणि मोठा धंदा असलेली. ही यादी चित्रांची नव्हती, बाजारातल्या संस्कृतीची होती. चित्रकार तिच्याकडे एखाद्या अभ्यासकासारखा बघत होता.

अमेरिकेत हा विषय वेगळ्या हातांत पडला. तिथले पॉप चित्रकार बाजाराकडे बाहेरून बघत नव्हते, ते बाजारातच नोकरी करत होते. अँडी वॉरहॉल जाहिरातींसाठी बुटांची रेखाटनं करायचा आणि त्या धंद्यात त्याचं नाव होतं. जेम्स रोझेनक्विस्ट टाइम्स स्क्वेअरवरची होर्डिंगं रंगवायचा. आपल्याकडे एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत वर आले हे तुम्हाला माहीत असेलच. फरक असा की हुसेन होर्डिंग सोडून कॅनव्हासकडे गेले, तर रोझेनक्विस्टने होर्डिंगच कॅनव्हासवर आणलं.

आता सुपाचे डबे. जुलै १९६२, लॉस एंजेलिसची फेरस गॅलरी. कॅम्पबेल कंपनीच्या ३२ चवी, प्रत्येकीचा एक कॅनव्हास, २० इंच उंच आणि १६ इंच रुंद. किंमत प्रत्येकी १०० डॉलर. भिंतीला लागून फळी ठोकली होती आणि कॅनव्हास दुकानातल्या मालासारखे तिच्यावर ओळीने उभे केले होते. शेजारच्या एका गॅलरीने खिजवण्यासाठी खरे डबे खिडकीत रचले आणि आमच्याकडे स्वस्त मिळतील अशी पाटी लावली. ही थट्टा सगळे सांगतात. तो डबा तिथे का पोहोचला, हे कमी लोक सांगतात.

आपल्या आजीच्या काळात साखर कुठल्या कंपनीची हा प्रश्नच नव्हता. वाणी गोणीतून काढायचा, रद्दीच्या कागदात पुडी बांधायचा, आणि माल चांगला की वाईट याची हमी म्हणजे त्या वाण्याचा शब्द. सुपरमार्केटने हा वाणीच काढून टाकला. गिऱ्हाईक एकटं फळीसमोर उभं राहतं आणि बोलणारं कुणी नसतं, तेव्हा बोलायचं काम वेष्टणाला करावं लागतं. म्हणून रंग, अक्षर आणि नाव वर्षानुवर्षं तेच ठेवावं लागतं. कॅम्पबेलचं लाल-पांढरं वेष्टण १८९८ पासूनचं. वॉरहॉलने डब्यातलं सूप रंगवलं नाही, उघडा डबा किंवा जेवणाचं टेबलही या ३२ चित्रांत नाही. समोरून दिसणारं वेष्टण, तेवढंच. माणसाच्या शब्दाऐवजी छापील कागदावर विश्वास ठेवायला शिकलेला समाज या चित्रांत आहे.

आणखी एक गोष्ट छापील पुस्तकात लक्षात येत नाही. हे ३२ कॅनव्हास स्क्रीन प्रिंट नाहीत. आकृती प्रोजेक्टरने पाडून ते हाताने रंगवलेले आहेत, तळाची नक्षी शिक्क्याने उठवलेली आहे. म्हणजे इथे एक माणूस यंत्रासारखं काम करायचा प्रयत्न करतोय, आणि हात कुठेकुठे दगा देतोय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉरहॉल फोटोवरून स्क्रीन प्रिंटिंगकडे वळला आणि सगळं बदललं.

कसं, ते धंद्याच्या भाषेत सांगतो. फोटो मोठा करून त्याची काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची पारदर्शक फिल्म (पॉझिटिव्ह) काढायची, ती इमल्शन, म्हणजे प्रकाशाने कडक होणारा लेप, लावलेल्या रेशमी जाळीवर ठेवून प्रकाश द्यायचा, धुतल्यावर जिथे ठिपका तिथे जाळी मोकळी होते. मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढायची. एकदा स्क्रीन तयार झाली की दहा ठसे काढा नाहीतर शंभर. मेरिलिन मन्रो ४ ऑगस्ट १९६२ च्या रात्री वारली. त्यानंतर काही आठवड्यांत वॉरहॉलने १९५३ च्या एका सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला तिचा फोटो घेतला आणि 'मेरिलिन डिप्टिक' (डिप्टिक म्हणजे दोन भागांचं जोडचित्र) केलं. डाव्या अर्ध्या भागात २५ रंगीत चेहरे, उजव्या अर्ध्या भागात २५ काळे. उजवीकडचे ठसे नीट बघा. एका रांगेत शाई इतकी साचलीय की चेहरा बुजलाय, आणि कडेला जाता जाता तो इतका फिका होतो की जेमतेम उरतो. जाळीत शाई वाळली, दाब कमी-जास्त झाला की असंच होतं. लग्नपत्रिका छापणारा असे कागद रद्दीत टाकतो. वॉरहॉलने तेच ठेवले. डावीकडेही रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसवायची जुळणी, हललेलं आहे, ओठांचा लाल आणि पापण्यांचा निळा जागचे सरकलेत. चेहरा आणि त्याच्यावरचा मेकअप एकमेकांवर बसत नाहीत.

हे मला कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त सांगतं. मासिकं आणि टीव्ही यांनी पहिल्यांदाच एका माणसाचा चेहरा रोज कोट्यवधी घरांत नेला होता. ती बाई मेली, तरी तिची पॉझिटिव्ह शिल्लक होती आणि ठसे निघतच राहिले. प्रसिद्धीची ही नवी जात होती आणि ती ज्या यंत्राने घडवली त्याच यंत्राने वॉरहॉलने ती दाखवली. ब्रशने रंगवलेल्या व्यक्तिचित्रात हे सांगता आलंच नसतं.

याच तंत्राने त्याने पुढे मोटार अपघात, विजेची खुर्ची, डब्यातला बाधित ट्यूना मासा खाऊन मेलेल्या बायका छापल्या. ट्यूनाचं चित्र सुपाच्या डब्यांशेजारी ठेवून बघा. वेष्टणावर ठेवलेल्या विश्वासाचं काय होऊ शकतं ते तिथे आहे. मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या शांततापूर्ण निदर्शनांवर पोलिसांनी कुत्री सोडली. चार्ल्स मूर यांनी काढलेले ते फोटो 'लाइफ' मासिकात आले आणि वॉरहॉलने ते छापले, 'रेस रायट' या नावाने. तिथे दंगल झाली नव्हती, हल्ला झाला होता. त्यामुळे या चित्राचं मला मोकळ्या मनाने कौतुक करता येत नाही. नागरी हक्कांची चळवळ पॉप आर्टमध्ये आली ती बहुतांशी अशीच, मासिकाच्या पानावरून, गोऱ्या चित्रकाराच्या हातून. मूर यांनी फोटो न विचारता वापरल्याबद्दल पुढे दावाही लावला. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात वॉरहॉलने इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर पोलिसांना हव्या असलेल्या तेरा गुन्हेगारांचे फोटो लावले, तेव्हा उद्घाटनाआधीच त्यांच्यावर रुपेरी रंग फासला गेला. साबणाची खोकी चालत होती, हे चाललं नाही.

खोक्यांवरून एक उपकथा सांगतोच. १९६४ साली स्टेबल गॅलरीत वॉरहॉलने ब्रिलो या भांडी घासायच्या साबण-काथ्याची लाकडी खोकी मांडली. मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन केलं होतं जेम्स हार्वी या माणसाने, आणि तो मनाने होता अमूर्त चित्रकार. पोटासाठी खोकी, जिवासाठी कॅनव्हास. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात फाइन आर्टवाले आणि कमर्शिअलवाले एकमेकांकडे कसे बघतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हार्वीची अवस्था समजावून सांगायला नको. पॉप आर्टने उचकटलेली सामाजिक भिंत खरं म्हणजे हीच. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनी जॅनिस गॅलरीने या नव्या मंडळींचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा रॉथ्को, मदरवेल, गस्टन आणि गॉटलिब या मातब्बर अमूर्त चित्रकारांनी निषेध म्हणून ती गॅलरीच सोडली. त्यांचा राग विषयावर तर होताच, पण जाहिरातवाले आता आपल्याच दारातून आत येणार याचाही असावा.

तुम्हाला एकच चित्र सविस्तर अभ्यासायचं असेल तर मी वॉरहॉल नाही, रोझेनक्विस्टचं 'एफ-१११' सुचवेन. १९६४-६५ मधलं हे चित्र २३ तुकड्यांत आहे आणि सगळे जोडले की लांबी जवळजवळ २६ मीटर भरते. आधी सांगितलेलं हॅमिल्टनचं कोलाज २६ सेंटिमीटर उंच आहे. जवळपास शंभरपट. एफ-१११ हे तेव्हा अमेरिकेत तयार होत असलेलं लढाऊ बॉम्बर विमान. चित्रात ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलंय, आणि त्याच्या अंगावर जाहिरातींच्या गुळगुळीत रंगात मोटारीचा टायर, केक, विजेचे दिवे, केस वाळवायच्या यंत्राखाली बसलेली हसरी मुलगी, अणुस्फोटाच्या ढगावर उघडलेली छत्री आणि शेवटी डबाबंद स्पॅगेटीचा लालभडक लगदा. लिओ कॅस्टेली गॅलरीच्या एका खोलीच्या चारही भिंतींवर ते लावलं होतं, म्हणजे बघणारा विमानाच्या पोटातच उभा. वर्ष १९६५. मार्चमध्ये अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममध्ये दा नांगला उतरले होते, चित्र लागलं एप्रिलमध्ये.

टायर बनवणारी कंपनी, केकचं पीठ विकणारी कंपनी आणि विमानासाठी कर भरणारं कुटुंब एकाच अर्थव्यवस्थेत राहतात, असं वाक्य निबंधात लिहिता येतं. रोझेनक्विस्टने ते होर्डिंग पेंटरच्या हाताने दाखवलं. होर्डिंगवर काम करणाऱ्याला माहीत असतं की परातीएवढा गाल अगदी नाकासमोर धरून रंगवताना तो गाल उरतच नाही, नुसता रंग उरतो. मुलगी, टायर, बॉम्ब, सगळं त्याने त्याच गुळगुळीत हाताने रंगवलंय. कुठेही ब्रश थरथरलेला नाही, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळेच.

बायकांबद्दल. १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक गोळी आली, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये. स्त्रीचं आयुष्य बदलत होतं, पण पॉप आर्टच्या प्रसिद्ध चित्रांत बाई रडते, हसते, नाहीतर पहुडते. रॉय लिक्टेनस्टाइनची कॉमिकमधली चित्रं बघा: पुरुष विमान चालवतात आणि क्षेपणास्त्रं सोडतात, मुली पाण्यात बुडताना अश्रू ढाळतात. तो त्या कॉमिकांची खिल्ली उडवतोय हे मान्य, तरी भिंतीवर लटकते ती रडणारी मुलगीच.

लंडनमध्ये चित्रकार पॉलिन बोटीने याला उत्तर दिलं. 'इट्स अ मॅन्स वर्ल्ड' या तिच्या दोन चित्रांपैकी पहिल्यात चौकटीचौकटींतून कर्तृत्ववान पुरुषांचे चेहरे आहेत, आइन्स्टाइनपासून बीटल्सपर्यंत. दुसऱ्यात बायकांची नग्न शरीरं, आणि मधोमध एका शरीराचं डोकंच कापलेलं. पुरुषांना चेहरे आहेत, बाईला धड. जाहिरातीत 'क्रॉप' कुठे करायचा, म्हणजे चित्र कुठे कापायचं, हे कोण ठरवतं, एवढा एकच प्रश्न आहे या चित्रांत. बोटी १९६६ मध्ये २८ व्या वर्षी कर्करोगाने गेली. तिची बरीच चित्रं भावाच्या शेतावरच्या कोठारात कित्येक वर्षं पडून राहिली आणि १९९० च्या दशकात पुन्हा लोकांसमोर आली. तोवर पॉप आर्टचा इतिहास तिच्याशिवाय लिहून झाला होता. तेव्हा आरसा म्हणून पॉप आर्टकडे बघताना, त्या आरशासमोर कुणाला उभं राहू दिलं हेही विचारा.

माझी स्वतःची लाडकी मात्र सिस्टर कॉरिटा केंट. लॉस एंजेलिसच्या इमॅक्युलेट हार्ट कॉलेजात शिकवणारी कॅथलिक नन आणि पट्टीची स्क्रीन प्रिंटर. तिने १९६२ मध्ये फेरसमधले सुपाचे डबे पाहिले आणि मग तीही वेष्टणांकडे वळली. 'वंडर ब्रेड' या पावाच्या वेष्टणावर लाल, निळे, पिवळे गोळे असत. तिने तसेच बारा गोळे छापले आणि ते प्रार्थनेतल्या पवित्र पावासारखे दिसू लागले. टोमॅटोच्या डब्यावरच्या जाहिरातीचा शब्द घेऊन तिने मदर मेरीला सगळ्यांत रसरशीत टोमॅटो म्हटलं. हे चाललं कसं? १९६२ ते १९६५ कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती आणि चर्च लोकांच्या रोजच्या भाषेत बोलायला शिकत होतं. तरी लॉस एंजेलिसच्या कार्डिनलना, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखांना, हे रुचलं नाही. पुढे तिच्या प्रिंट्समध्ये दारिद्र्य, वर्णभेद आणि व्हिएतनाम आले, आणि १९६८ मध्ये तिने ननांचा संघ सोडला. वॉरहॉलचा ठसा संग्राहकाच्या घरी गेला, कॉरिटाचे स्वस्त ठसे वसतिगृहांच्या आणि चर्चच्या भिंतींवर गेले. स्क्रीन प्रिंटिंगचा धर्म तिने जास्त पाळला असं माझं प्रामाणिक मत आहे.

जर्मनीचं एका वाक्यात: पूर्व जर्मनीतून आलेल्या चित्रकार गेरहार्ड रिश्टरने १९६३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या एका फर्निचरच्या दुकानात कोनराड लुएग या चित्रकारासोबत स्वतःलाच विक्रीच्या सोफ्यावर मांडलं, कारण त्याने समाजवादी प्रचारचित्रंही पाहिली होती आणि भांडवली जाहिरातीही, आणि दोन्हींवर त्याचा सारखाच अविश्वास होता.

आपल्याकडे काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण परीक्षक विचारतील. भारतात १९६० चं दशक टंचाईचं होतं. डब्यातलं सूप सोडा, केरोसिनला रांग होती. म्हणून इथे सुपाचे डबे रंगवणं नक्कल झाली असती. मुंबईत जन्मलेले आणि पेशाने हिशेबनीस असलेले चित्रकार भूपेन खख्खर १९६२ मध्ये बडोद्याला गेले आणि त्यांनी बाजारात मिळणाऱ्या देवांच्या छापील तसबिरी कापून कोलाज केली. त्यांचा बरोबर नेम लागला. आपल्याकडे घाऊक छापील चित्र घराघरांत पोहोचलं होतं ते देवाचं, तेही राजा रविवर्म्यांच्या छापखान्यामुळे. तो १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे खख्खर यांनी न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी छोट्या धंद्यांतली माणसं रंगवली. वस्तू फेकून द्यायच्या नसतात, दुरुस्त करायच्या असतात अशा देशातलं ते पॉप. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांनी २००२ च्या 'महालक्ष्मी'मध्ये दुकानाच्या शटरवर कॅलेंडरमधली लक्ष्मी रंगवली. शटर वर केलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या बहिणी.

राहिला टीका की कौतुक हा प्रश्न. माझ्या मते तो चित्रकारागणिक वेगळा सोडवावा लागतो. रोझेनक्विस्टमध्ये राग आहे, बोटीमध्ये राग आणि मौज दोन्ही, हॅमिल्टनमध्ये हेवा. वॉरहॉल मुलाखतीत काहीच हाती लागू देत नसे. पण तो पिट्सबर्गमधल्या गरीब स्थलांतरित कुटुंबातला होता आणि कॅम्पबेलचं सूप वर्षानुवर्षं आपल्या जेवणात असल्याचं त्याने सांगितलंय. अशा घरातल्या मुलाने डब्याकडे तुच्छतेनेच बघितलं असेल असं मला वाटत नाही. कंपनीनेही ते चित्र मनाला लावून घेतलं नाही. २०१२ मध्ये तिने वॉरहॉलच्या रंगांतली वेष्टणं लावून खरे सुपाचे डबे दुकानांत विकले.

अभ्यास करताना एक पथ्य पाळा. ही चित्रं मोबाइलवर बघाल तर २६ सेंटिमीटरचं कोलाज आणि २६ मीटरचं विमान तळहातावर एकाच मापाचे दिसतील. म्हणून नुसत्या चित्राचा फोटो शोधू नका, प्रदर्शनाच्या दालनाचा शोधा, ज्यात चित्रासमोर माणसं उभी आहेत. आणि जवळपास स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान असेल तर तिथे एक दुपार बसून फुकट गेलेले ठसे बघा. त्यानंतर 'मेरिलिन डिप्टिक'ची उजवी बाजू पुन्हा उघडा.